तालव्य

आधी कळलं ते जिभेला.
दुखत नव्हतं. हरभऱ्याच्या डाळीएवढं काहीतरी
वर टाळूला, उजवीकडे.
दीड वर्ष मी ते जिभेने तपासत राहिले,
जशी प्रेसमध्ये एकतीस वर्षं तिकिटांची शीटं तपासली:
छपाई सरकली का, रंग फुटला का,
छिद्रांची ओळ चुकली का.
चुकलेलं शीट बाजूला.
हे मात्र रोज पास केलं.

सुटताना गेटवर झडती असायची.
डबा उघडा, पिशवी उलटी करा, अंबाडा सोडा.
एक तिकीट कधी बाहेर नेलं नाही मी,
आणि हे तोंडात घेऊन
जेल रोडने घरी यायचे.

बिटको चौकातल्या दातवाल्याने
कवळीचं माप घेताना आरसा धरला
आणि गप्प झाला.
"मावशी, टाळू..." म्हणाला. मग, "टाळू नका."
मला हसू आलं. त्याला नाही.

डॉक्टर ऋजुता कोठावदेंनी कागदावर तोंड काढलं.
लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या, त्यांची नावं असतात.
बाकी शेकडो, खसखशीएवढ्या,
ओठाआड, गालाला, टाळूला, पार घशापर्यंत,
घास भिजवत बसलेल्या.
त्यांतली एक.

बाकावर शेजारी सिन्नरच्या यमुनाबाई लासुरे.
तिची वरच्या ओठात, मण्यासारखी, बोटाखाली हलणारी.
काढली, दोन टाके पडले,
पंधरवड्यात चिवडा खात होती.
तिचा रिपोर्ट दीड ओळीचा. माझा पानभर.
चहा मात्र आम्ही एकाच कपातून घेतला होता,
अर्धा तिने, अर्धा बशीत मी.

मला काच बघायची म्हटलं. बघू दिली.
जांभळ्यात छिद्रंच छिद्रं, चाळणी नुसती.
"असलं शीट आम्ही जाळायचो," मी म्हणाले.
"हिला घाई नसते," डॉक्टर म्हणाल्या.
"नसेच्या कडेकडेने चालते. मुक्काम करत."

बाळाची टाळू भरून येते, तेल घालून घालून.
माझी उघडीच राहिली.
पाणी प्यावं तर नाकातून परत.
मग किरणं, तेहतीस वेळा.
तोंडचं पाणी पळालं, असं जन्मभर म्हणत आले;
त्याचा अर्थ
भाकरीच्या पहिल्या घासाला कळला.

शफी मणियारने गुलाबी पाटी बनवली, भोक झाकणारी.
तीनदा घासली, चौथ्यांदा बसली.
"बोला," म्हणाला.
काय बोलू?
"काहीही. च म्हणा."

मराठीत च दोन. चहातला टाळूचा, चोरातला दातांचा.
पाटी वाटीत असते तेव्हा
चोर निदान अर्धा येतो,
चहा येतच नाही.
बाबा म्हणायला जावं तर मामा होतं.
एक म तेवढा जसाच्या तसा.
नातू ओजस पहिलीत आहे. त्याला वाटतं मी गंमत करते.
तोही नाकात बोलतो, आणि सुनबाई त्याला दटावते
माझ्याकडे न बघता.

फेब्रुवारीत पाच वर्षं झाली.
मला वाटलं, पेढे न्यावेत. नेले.
डॉक्टरांनी एक खाल्ला, पूर्ण खाल्ला,
आणि छातीच्या फोटोची चिठ्ठी लिहिली.
"दरवर्षी यायचं. दहा झाली तरी, पंधरा झाली तरी."
बरी झालात, असं म्हणाल्या नाहीत.
खोटंही बोलल्या नाहीत.
पेढ्याचा डबा मी तिथेच विसरले.

यमुनाबाईला आता यावं लागत नाही.
पत्र पाठवते, सिन्नरहून, मोठ्या अक्षरात:
द्राक्षं उतरली, सून बाळंत झाली, तुझं कसं.
मी लिहिते: माझं तसंच. पाटी बदलली. द्राक्षं जमतात, सोलून.

पाकीट बंद केलं. तिकीट घेतलं.
मागचा डिंक ओळखीचा, तोच करडा वास.
लावायला तोंडात ओल नाही.
ओजसने जीभ काढली, भरपूर लाळ,
आणि अंगठ्याने दाबलं.

वाकडं लागलं. एक कोपरा दुमडला.
मी पास केलं.